आमची जीप, तिचा साज आणि माझी वही

आमच्या गल्लीत मला नावाने ओळखणारे थोडेच. ‘जीपवाल्या वहिनी’ म्हटले, की मात्र किराणा दुकानदारापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना बरोबर कळते. लग्न होऊन मी कराडला आले, तेव्हा दारात तुळशीवृंदावनाच्या शेजारी सासऱ्यांची जुनी डिझेल जीप उभी होती. ती आजही तिथेच उभी असते. ह्यांचे शेतीच्या औजारांचे दुकान आहे. पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर पंप, पाइप, फवारणीची यंत्रे पोचवायची, तर जीपवाचून गत्यंतर नाही. म्हणजे आमच्या घरी जीप ही नुसती हौस नव्हे, पोटापाण्याचे साधनही आहे.

सासरे होते तोवर त्या गाडीचे कौतुक असे कधी झाले नाही. टप फाटला तर शिवून घ्यायचा, पत्रा गंजला तर रंग मारायचा. ग्रीस आणि तेलपाणी मात्र ठरल्या दिवशी व्हायचेच, त्यात हयगय नाही. “बैलाला वैरण आणि गाडीला वंगण, उद्यावर टाकायचं नाही,” असे ते म्हणत. गाडीनेही त्यांना कधी रस्त्यात उभे केले नाही.

मग दोन-एक वर्षांपूर्वी ह्यांना नवे मित्र मिळाले. रविवारी पहाटे उठायचे, पाच-सहा गाड्यांनी मिळून डोंगरातल्या चिखलाच्या, दगडधोंड्यांच्या वाटा तुडवायच्या आणि संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायचे. ह्याला ‘ऑफरोडिंग’ म्हणतात, हे मला तेव्हा कळले. नवऱ्याची हौस आहे, व्यसन तर नाही ना, म्हणून मीही चिखलाचे कपडे मुकाट्याने दोन पाण्यांतून काढत राहिले. पण मित्रांच्या गाड्या बघून ह्यांना आपली जीप केविलवाणी वाटू लागली. त्या दिवाळीत माझ्या पाटल्या करायच्या ठरत होत्या. पाटल्या राहिल्या आणि साज चढला तो जीपला!

साजशृंगार

काय काय केले म्हणून सांगू? मूळचे टायर २८ इंच उंचीचे आणि सहा इंच रुंदीचे होते. त्यांच्या जागी ३१ इंच उंचीचे आणि साडेदहा इंच रुंदीचे आले, आणि त्यासाठी बाहेरच्या बाजूला पसरलेल्या रुंद रिमा. गाडी उंच व्हावी म्हणून कमानीला जादा पाटे घातले. पुढे लोखंडी बंपर, त्यावर गाडी ओढून काढायची तारेची विंच. टपावर लोखंडी कॅरियर आणि त्याच्यावर चार झगझगीत दिवे. गाडी अशी काही दिसू लागली, की मुलगा तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घ्यायचा. सासूबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अरे, आता मला चढायला शिडी आण!”

हे म्हणायचे, “दणकट झाली बघ आता. दहा वर्षं बघायला नको.”

मला गाडीतले ओ की ठो कळत नव्हते. पण एक सवय आहे. दूध, किराणा, मुलांची फी, माझ्या अर्ध्या वेळच्या शाळेचा पगार, सगळे मी वहीत लिहिते. त्या वहीच्या मागच्या पानांवर ‘जीप’ असे एक खाते पूर्वीपासून आहे. आधीच्या दोन वर्षांची नोंद एका पानात मावली होती. तेल, फिल्टर, ग्रीस, एक बॅटरी, एक पंक्चर, बस्स.

दिवाळीनंतर मात्र पाने भराभर भरू लागली. जानेवारीत पुढच्या चाकांची बेअरिंगे गेली. मार्चमध्ये रात्री गाडीत जळका वास आला, म्हणून वायरिंगची दुरुस्ती. एप्रिलमध्ये क्लच प्लेट. जूनमध्ये मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला आणि पाटणजवळ गाडी अर्धा दिवस उभी राहिली, गिऱ्हाईक पंपाची वाट बघत बसले. जुलैत हे मित्रांबरोबर ओढा ओलांडून आले आणि मागच्या चाकांमधल्या हौसिंगचे तेल बदलावे लागले. प्रत्येक वेळी हे म्हणायचे, “जुनी गाडी आहे, व्हायचंच.” मलाही ते पटायचे. दर वेळी वेगळाच भाग बिघडत होता ना!

कुंभार्ली घाटातली ती सकाळ

आमच्याकडे गणपती बसत नाही. चिपळूणला माझ्या भावाकडे दीड दिवसाचा असतो, म्हणून दर वर्षी सासूबाईंसह आम्ही सगळे आदल्या दिवशी निघतो. पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी. भाद्रपदातला तो घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दोन्ही अंगांनी धबधबे, रस्त्यावर धुके आणि एकामागून एक पिळाची वळणे.

पाटणच्या पुढे सरळ रस्त्यावर एका खड्ड्यातून चाक गेले आणि पुढची दोन्ही चाके अशी थरथरू लागली, की स्टिअरिंग ह्यांच्या हातात नाचायला लागले. गाडीचा वेग कमी झाला तशी ती थरथर थांबली. “चाकं बॅलन्स करायला हवीत,” एवढेच हे बोलले. सासूबाईंनी हातातली जपमाळ काढली. मी काही बोलले नाही. आता वाटते, तेव्हाच बोलायला हवे होते.

घाटात निम्मे उतरलो असू. एका वळणावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि ह्यांचा चेहरा बदललेला मला आरशात दिसला. ब्रेकचा पाय थेट खाली गेला होता. गाडी हळू होईना. ह्यांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. पत्रा खरवडल्याचा मोठा आवाज झाला आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या बाजूला दरी होती.

कुणाला खरचटलेसुद्धा नाही, ही त्या गणरायाचीच कृपा. धाकटीला वाटले, बाबांनी मुद्दामच गंमत केली. मी तिला पोटाशी धरून बसले आणि किती तरी वेळ माझे पाय थरथरत होते. मागून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने आधी आमच्या चाकांना दगड लावले, मग वाकून पुढच्या चाकाच्या आत बघितले आणि ह्यांना बोलावले. “दादा, तुमचा टायरच ब्रेकचा होज खातोय.”

मीही खाली वाकून पाहिले. ब्रेकचे तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी असते. गाडी उंच केल्यामुळे ती ताणली गेली होती. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवले, की रुंद टायरची कड तिला घासत होती. कराडातल्या सरळ रस्त्यांवर एवढे वळण कधी लागत नाही. घाटात प्रत्येक पिळाला ती थोडी थोडी कापली गेली आणि शेवटी फुटली. आमच्यासारख्या जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला तेल एकाच वाटेने जाते. एका चाकाची नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक गेले.

पोफळीहून मेकॅनिक आला, नवा होज लागला आणि संध्याकाळी आम्ही चिपळूणला पोचलो. आरतीच्या वेळी ह्यांचा आवाज निघत नव्हता.

मिस्त्रीकाकांनी वही वाचली

परत आल्यावर हे दोन दिवस गप्प गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी वही काढली आणि म्हटले, “चला, सासऱ्यांच्या मिस्त्रींकडे जाऊ या.” ते म्हातारे मिस्त्रीकाका आता गॅरेजमध्ये फारसे हात काळे करत नाहीत, खुर्चीवर बसून पोरांना सांगतात. साज चढवायला हे त्यांच्याकडे गेले नव्हते, दुसरीकडे गेले होते. त्यामुळे जायला जरा संकोचच वाटत होता.

काकांनी चष्मा लावून माझी जीपची पाने वाचली. मग हसून म्हणाले, “वहिनी, ह्यात पाच वेगवेगळे रोग नाहीत. एकच रोग आहे, तो पुढे पुढे सरकतोय.” आणि एकेक ओळ घेऊन त्यांनी जे सांगितले, ते मला तरी शाळेतल्या धड्यापेक्षा चांगले कळले.

पहिली ओळ बेअरिंगची. रुंद रिमांमुळे चाक बाहेर सरकले. भरलेली घागर कडेवर घेतली तर आपण नदीपासून घरापर्यंत येतो. तीच घागर हात लांब करून धरली तर खांद्याला कळ लागते. घागर तीच, पाणी तेवढेच, पण खांद्यावरचा ताण वाढला. बेअरिंगचे तसेच झाले. स्टिअरिंगकडचे बुश आणि सांधेही त्यानेच झिजले, आणि ती थरथर आली ती तिथून. अशा थरथरीवर काही जण एक जादा शॉकअप बसवून देतात. थरथर दबते, झीज तशीच राहते. दुखऱ्या दाताला लवंग लावण्यातलाच हा प्रकार.

दुसरी ओळ क्लचची. विहिरीवरचा रहाट मोठा केला तर दोर लवकर वर येतो, पण ओढणाऱ्याचे हात भरून येतात. २८ इंचांचे चाक ३१ इंचांचे झाले, म्हणजे इंजिनाला प्रत्येक चढावर जास्त ओढावे लागले. चालवणारा मग अर्धा क्लच दाबून गाडी उचलतो आणि प्लेट जळते. ब्रेकचेही तेच. पूर्वी दहा किलोंच्या जोरात जे चाक थांबायचे, त्याला आता अकरा किलोंचा जोर लागतो, आणि ब्रेक मात्र जुनेच. शिवाय वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी खरी सहासष्टाने धावत असते!

तिसरी ओळ क्रॉसची. गाडी उंच केली, की इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो. त्याच्या टोकाच्या सांध्याला क्रॉस म्हणतात. मान वाकडी करून दिवसभर शिवणकाम केले तर रात्री मान धरते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

चौथी ओळ तेलाची. गरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावले, तर गार झाल्यावर ते झाकण निघता निघत नाही. आतली हवा आकसते आणि झाकण ओढून धरते. धावून तापलेले हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडले, की त्याच्या आतली हवाही अशीच आकसते आणि जिथून फट मिळेल तिथून पाणी आत ओढून घेते. मग तेल चहासारखे दुधाळ होते. असे तेल दातांना वंगण देत नाही आणि गंज चढतो. वेळेवर बदलले म्हणून आमचे निभावले.

आणि जळका वास? चार दिव्यांच्या वायरी जुन्याच वायरीला पिळून जोडल्या होत्या. एका प्लगवर मिक्सर, इस्त्री आणि गिझर लावल्यावर काय होईल, ते सांगायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. प्रत्येक जोडणीला आपला फ्यूज आणि रिले असायला हवा होता. गाड्या पेटतात त्या पुष्कळदा अशाच वायरींमुळे.

“साज चढवला, कणा तोच ठेवला,” काका म्हणाले. “गाडी कारखान्यातून येते ती एक तोल साधून येते. टायर वाढवला, की त्याच्यामागे बेअरिंग, ब्रेक, शाफ्ट, गिअर, सगळ्यांचा हिशेब बदलतो. एकच वस्तू बदलून कुणी थांबलं, तर जिथं कुणाचं लक्ष नाही तिथं ती मोडणार.”

मूळची जीप का टिकली?

घरी आल्यावर मला राहवेना. शाळेत इतिहास शिकवते ना! जीपचा इतिहास काढून वाचला आणि गंमत वाटली. १९४० साली अमेरिकन लष्कराने कारखान्यांकडे एक छोटी चारही चाकांनी ओढणारी गाडी मागितली, तेव्हा अट घातली होती, वजन सुमारे ५९० किलोंच्या आत हवे. ते कुणालाच साधले नाही. शेवटी मर्यादा वाढवून सुमारे ९८० किलोंपर्यंत न्यावी लागली. विलीज कंपनीचे इंजिन साठ अश्वशक्तीचे, दमदार पण जड. त्या मर्यादेत बसण्यासाठी त्यांच्या इंजिनिअरांनी वजनाचा कण न् कण तासला. बोल्ट आखूड केले, रंगाचा थरसुद्धा पातळ ठेवला, असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या. त्या वाळवंटात चालल्या, बर्फात चालल्या आणि सैनिकांनी साध्या हत्यारांनी रस्त्याकडेला दुरुस्त केल्या.

म्हणजे जीप टिकली ती लोखंड जास्त होते म्हणून नव्हे. ती हलकी होती, साधी होती आणि उघडून दुरुस्त करता येत होती. आपल्याकडेही महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि खेडोपाडी ती पोचली, ती ह्याच गुणांवर. आणि आम्ही काय केले? तिच्या नाकावर बंपर आणि विंच मिळून सिमेंटची जणू दोन पोती बांधली आणि डोक्यावर लोखंडी माळा दिला. माथ्यावर ओझे गेले, की वळणावर गाडी जास्त कलते, हेही मिस्त्रीकाकांनीच सांगितले.

कायदा आणि विमा

आता जरा कागदपत्रांकडे वळू या, कारण ती बाजू आपल्या घरी बहुधा आपल्याच कपाटात असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ असे सांगते, की नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद तिच्यात आहे. पुढे बसवतात त्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करावी, असे केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला ते गार्ड घातक ठरतातच. शिवाय नव्या गाड्यांत एअरबॅग असतात, त्या वेळेवर उघडण्यातही ह्या गार्डमुळे अडथळा येऊ शकतो.

विम्याचेही लक्षात ठेवा. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर दावा अडू शकतो. आमची विम्याची पॉलिसी मी कपाटातून काढून वाचली. तिच्यात आमच्या साजाचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. घाटात त्या दिवशी काही विपरीत झाले असते, तर कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली असती.

मग हौस करायचीच नाही का?

असे माझे म्हणणे नाही. ह्यांच्या मित्रमंडळात एकांची गाडी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त बदललेली आहे आणि ती बिघडत नाही. का, ते मी त्यांच्या बायकोलाच विचारले. मोठ्या टायरांबरोबर त्यांनी अ‍ॅक्सल, ब्रेक, गिअरचे दात, सगळे त्या मापाचे बदलले. ती गाडी घरच्या वापराला नाहीच. शर्यतीच्या जागी ती दुसऱ्या वाहनावर चढवून नेतात. प्रत्येक फेरीनंतर दोन दिवस गाडी उघडून नट-बोल्ट, होज, क्रॉस तपासतात. “दुसरी सवतच आहे म्हणा ना!” असे त्या म्हणाल्या. हौसेला तेवढा पैसा आणि वेळ असेल तर जरूर करावी. पण मुलांना शाळेत सोडायची, आईला डॉक्टरकडे न्यायची आणि गिऱ्हाइकाचा माल पोचवायची गाडी ही नव्हे.

ह्यांच्याशी भांडण करावे लागले नाही. वही ह्यांनी स्वतःच मोठ्याने वाचली आणि शेवटची बेरीज मारली. टायर आणि रिमांना जेवढे लागले होते, त्याच्या दीडपट पैसे वर्ष संपायच्या आत दुरुस्तीत गेले होते. थोडा वेळ हे तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “वडील मला वंगण शिकवून गेले आणि मी दागिने शिकलो.”

आता आमच्या जीपला मूळ मापाचेच, पण चिखलात पकड घेणाऱ्या खोल नक्षीचे टायर आहेत. पाटे पूर्वीसारखे झाले. बंपर, विंच, कॅरियर उतरले. पुढेमागे गाडी ओढायचे भक्कम हूक ठेवले. हौसिंगला श्वास घ्यायचे जे छोटे तोंड असते, त्याला रबरी नळी जोडून ती वर नेली, म्हणजे ओढ्यात पाणी आत जाणार नाही. फक्त दोन दिवे ठेवले, तेही फ्यूज आणि रिलेसह. आणि मुख्य म्हणजे सगळ्या आसनांना पट्टे बसवून घेतले. ह्या गोष्टींना थोडाच खर्च आला आणि त्यांनी गाडीच्या कण्यावर भार पडत नाही. रविवारी हे अजूनही जातात. फक्त सगळ्यात पुढे जायचा हट्ट आता नसतो.

मैत्रिणींनो, एवढे जरूर विचारा

आपल्या घरी कुणाला अशी हौस लागली, तर ‘मला गाडीतले काय कळते’ म्हणून गप्प बसू नका. गाडीत आपली मुले बसतात. पुढच्या प्रश्नांना यंत्रशास्त्र लागत नाही.

१. ही वस्तू बदलली तर तिच्यामागे आणखी काय काय बदलावे लागेल? गॅरेजवाला ‘काहीच नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारा.

२. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का? ब्रेकचा होज ताणला जात नाही ना? हे गाडी उभी असताना आपल्यासमोर करून दाखवायला सांगा.

३. नव्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज आहे का?

४. हा बदल कायद्यात बसतो का? आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत त्याची लेखी नोंद झाली का?

५. पाण्यातून गाडी गेली, तर दुसऱ्या दिवशी तेल बघितले का? दुधाळ दिसले तर लगेच बदलायला हवे.

६. चाके थरथरली, ब्रेकचा पाय खाली गेला, जळका वास आला, तर त्याच दिवशी गाडी दाखवा. ‘नंतर बघू’ म्हणू देऊ नका.

आणि सातवे म्हणजे वही. घरखर्चाच्या वहीत गाडीला एक पान द्या. तारीख, किलोमीटर, काय बिघडले, काय बदलले, किती लागले. एकेक बिल सुटे बघितले तर काहीच कळत नाही. ओळीने लिहिले, की रोग कुठून कुठे सरकतोय ते माझ्यासारख्या अडाणीलाही दिसते.

ह्या वर्षी गणपतीला पुन्हा त्याच घाटाने गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी हे अंगणात पोते अंथरून गाडीखाली शिरले आणि आतून हाक मारली, “अगं, बॅटरी धर जरा, होज बघायचेत.” मी बॅटरी धरली. चारही होज दोघांनी मिळून पाहिले आणि वहीत तारीख टाकली. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “आता मी शिडीशिवाय चढते, बरं का!”

पाटल्यांचे काय, असे विचारणार असाल, तर त्यांचेही पान मी वहीत उघडून ठेवले आहे.